दिवसभर बातम्या लावूनही घरात कोणालाच काही माहीत नसतं, हे कसं?

त्रिमूर्तीनगरची सून

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे, उत्तर मात्र घराबाहेरचं पाहिजे.

आमचे मामाजी, म्हणजे सासरे, वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीतून, रिटायर झालेत. सकाळच्या चहाला टीव्ही सुरू होतो तो रात्रीची जेवणं आटोपल्यावर बंद. सिरियल नाही, क्रिकेट नाही, फक्त बातम्या. कोणता प्रवक्ता कोणाला काय बोलला, कोणत्या नटीनं कोणाच्या लग्नात काय घातलं, पाकिस्तानात पिठाचा भाव काय, सगळं तोंडपाठ. मागच्या आठवड्यात आमच्या भागात एक दिवस नळ येणार नव्हता. ते कोणी सांगितलं? पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी. त्यांच्या मुलानं पेपरात वाचलं होतं. मामाजी तेव्हा एका बाबाच्या आश्रमातल्या भुयाराची बातमी बघून राहिले होते.

परवा मी मुद्दाम त्यांच्याजवळ तासभर बसले. खाली लाल पट्टी : "थोड्याच वेळात सर्वात मोठा खुलासा". तास संपला, पट्टी तिथंच, खुलाशाचा पत्ता नाही. एका अपघाताचं सीसीटीव्ही दृश्य, गाडीभोवती लाल गोल काढून, मागं भुताच्या सिनेमाचं संगीत, पुन्हा पुन्हा तेच. मग आठ चौकटींत आठ जण एकदम ओरडले. मग "सुपरफास्ट" बातम्या सुरू. त्यात चंद्रपूरचा वाघ, कापसाचा भाव आणि हायकोर्टाचा निकाल हे तिन्ही मी कढईत फोडणी टाकून येईपर्यंत संपले होते.

मला खरंच जाणून घ्यायचं आहे : माहिती किती द्यायची आणि तमाशा किती करायचा, हे चॅनलमध्ये बसून ठरवतं कोण? कोणी आतला माणूस असेल तर सांगा. "टीव्ही बंद करा" हा सल्ला नको. तो देऊन झाला आहे, मंजूर झाला नाही.

चिमटा

रिमोटचे सेल काढून घ्या. हा सल्ला नाही ताई, अनुभव आहे.

इतवारी केबल

मी चॅनलमधला नाही, चॅनल घरोघरी पोचवणारा आहे. इतवारी भागात केबलचा धंदा, आधी वडिलांचा, आता माझा. ठरवतं कोण विचारलंत ना? एक मीटर ठरवतं, आणि ते बहुतेक तुमच्या घरी नाही.

बार्क म्हणजे टीव्ही कोण किती बघतं ते मोजणारी संस्था. तिच्या २०२० च्या अंदाजानं देशात टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी. त्यातल्या जवळपास ४४ हजार घरांत तेव्हा मीटर होतं. चॅनलच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, मीटर ती पकडतं आणि कोणत्या घरात कोणतं चॅनल किती मिनिटं चाललं ते नोंदवतं. आता या ४४ हजारांत महाराष्ट्रातली किती, त्यात मराठी बातम्या लावणारी किती, तुम्हीच हिशेब करा. थोडी घरं इकडची तिकडं झाली का पहिल्या नंबरचं चॅनल तिसऱ्यावर. म्हणून तं ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीचं प्रकरण काढलं तेव्हा आरोप हाच होता की मीटरवाल्या घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनल लावून ठेवायला सांगितलं. त्यानंतर बार्कनं बातम्यांच्या चॅनलचे आकडे देणंच थांबवलं. मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू केलं, पण चार आठवड्यांची सरासरी काढून.

गंमत अशी का मीटर मिनिटं मोजतं, डोक्यात काय शिरलं ते मोजत नाही. मामाजी खुलाशासाठी तासभर बसले, म्हणजे चॅनलच्या लेखी तो तास झकास गेला. खुलासा पहिल्याच मिनिटाला केला असता तर मामाजी उठून आंघोळीला गेले असते नं!

राहिला पैसा. बातम्यांची बरीच चॅनलं फुकट, नाही तर चिल्लर भावात. सगळी भिस्त जाहिरातीवर, आणि तिला नियमानं तासाला १२ मिनिटांची मर्यादा, ज्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. वरून चॅनल घराघरात दिसावं म्हणून चॅनललाच पैसे मोजावे लागतात. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या फुकट डिशसेवेवरच्या जागांचा तर चक्क लिलाव होतो, बोली कोटींत. मग काटछाट कुठं होते ते आतल्या माणसानं सांगावं.

बंद शटर

मी सांगतो. नागपुरात बरीच वर्षं कॅमेरा धरला. आधी स्ट्रिंगर होतो, म्हणजे स्टोरी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल खिशातलं. मग एका चॅनलमध्ये पगारावर. आता लग्नं आणि कारखान्यांच्या फिल्मा करतो, झोप चांगली लागते. चॅनलचं नाव घेत नाही.

इतवारीवाले भाऊ बरोबर बोलून राहिले, पण सगळं मीटरवर ढकलून चालत नाही. आकडे बंद होते तेव्हाही ओरडा कमी झाला नव्हता, आठवून बघा. सवय लागलेली असते. रनडाऊन, म्हणजे कोणती बातमी कधी आणि किती वेळ त्याची यादी, मुंबईत बनतो. तिथल्या डेस्कला विदर्भातून तीनच गोष्टी लागतात असं आम्ही म्हणायचो : वाघ, ऊन आणि डिसेंबर. अकरा जिल्ह्यांत बाकी काही घडतच नाही.

उन्हाचं सांगतो, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर येईल. २०२४ चा नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापणारे नऊ दिवस. डेस्कवरून फोन : "दादा, रस्त्यावर अंडं फोडून दाखवता का?" आम्ही वर्धा रोडच्या कडेला, दुपारी दोनच्या सुमाराला, डांबरावर अंडं फोडलं. ते शिजलं नाही. अंड्याचा पांढरा भाग घट्ट व्हायला साठ-बासष्ट अंशांच्या वर सलग उष्णता लागते. डांबर तापलेलं असतं, पण अंडं पडलं का तेवढी जागा निवते. ते नुसतं पसरलं. माशा आल्या. एक कुत्रं आलं आणि लाइव्ह सुरू व्हायच्या आधीच अर्धं चाटून गेलं. रिपोर्टर पोरगा हुशार. कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "आपण पाहू शकता, नागपुरात काय परिस्थिती आहे!" शब्दानं खोटं बोलला नाही, एवढं मात्र मानलं पाहिजे.

त्याच दिवशी सकाळी हनुमाननगरात एका गच्चीवर एक आजी कुरड्या घालून राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पहिले दोन दिवस लागे वाळायले. आता सकाळी घातल्या का दुपारी कडक. पण मी पाच वाजताच वर येतो बापा, नऊनंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही." मागं सिमेंटच्या गच्च्याच गच्च्या, एकही झाड नाही. शहर कसं तापतं हे त्या एका फ्रेममध्ये होतं. आजींच्या बोलण्याचा तुकडा मुंबईला पाठवला. अंडं संध्याकाळभर फिरलं, आजी एकदाही लागल्या नाहीत.

मग ३० मे उजाडला. रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित यंत्रानं ५६ अंश दाखवले, सोनेगावच्या यंत्रानं ५४. झालं! "नागपूर ५६", आगीच्या ज्वाळांचं ग्राफिक, अँकरच्या मागं जळणारा नकाशा. पण त्याच दिवशी वर्धा रोडवर खापरीकडच्या कापूस संशोधन संस्थेतलं यंत्र आणि रामटेकचं यंत्र ४४ च्या आसपास होतं. एकाच शहरात बारा अंशांचा फरक! रामदासपेठेतला माणूस उकडून मेला असता आणि खापरीतला नेहमीसारखा कुलर लावून झोपला असता. शंका यायला शास्त्रज्ञ असायची गरज नव्हती. लगेच हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडले होते. त्याच सुमाराला दिल्लीतल्या मुंगेशपूरचे ५२.९ अंशही गाजले, आणि तिथंही पुढं सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता असंच निघालं.

मी डेस्कला म्हटलं, खरी स्टोरी आता आहे. सोनेगावच्या वेधशाळेत जाऊ, तापमान मोजतात कसं ते दाखवू. पांढऱ्या रंगाची, झिलमिलीच्या फळ्यांची लाकडी पेटी असते, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, आत सावलीत थर्मामीटर. ऊन सरळ पडू द्यायचं नाही, वारा मात्र खेळला पाहिजे. अर्ध्या दिवसाचं काम, खर्च पेट्रोलचा. लोक डोळे फाडून बघतील. डेस्क म्हणाला, "दादा, उद्या एक्झिट पोल."

म्हणजे १ जूनला. आपलं मतदान १९ एप्रिललाच होऊन गेलेलं, यंत्रं कळमन्याच्या मार्केट यार्डात कुलूपबंद. निकाल ४ जूनला. मधले सहा आठवडे टीव्हीला नागपुरातून दाखवायला काय होतं? चर्चा. एक्झिट पोलमध्ये बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेऊन ठेवलं, काहींनी चारशेला टेकवलं. आली २९३. त्या पोलच्या संध्याकाळसाठी स्टुडिओत आभासी संसद उभी केली होती, अँकर खुर्च्यांमधून फिरत होते. तापमानाचा खुलासा खालच्या पट्टीवर धावून गेला.

आता काटछाट कुठं होते ते. प्रवक्ता स्वतःच्या घरून, स्वतःच्या फोनवरून येतो आणि एक पैसा घेत नाही. आठ चौकटी, एक अँकर, तास भरला. तेच गडचिरोलीला टीम पाठवायची म्हटलं तर गाडी, डिझेल, ड्रायव्हर, मुक्काम, दोन दिवस मोडतात आणि हातात येतात तीन मिनिटं. हा हिशेब करणारा संपादक वाईट माणूस नसतो, त्यालाही एक तारखेला पगार वाटायचे असतात. पण हिशेब रोज एकाच बाजूला झुकला का हळूहळू बातमीदारच कमी होतात, आणि मग चर्चेशिवाय दाखवायला काही उरतच नाही.

डिसेंबरचंही असंच. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं होतं. मुंबईच्या टीमा येतात, पहिल्या दिवशी तर्री पोहे, दुसऱ्या दिवशी सावजी, तिसऱ्या दिवशी हुरडा. आमदारांनाही कळून चुकलं आहे. गळ्यात संत्र्यांच्या नाही तर कापसाच्या माळा घालून विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं का हमखास दिसता. आत सिंचनाच्या अनुशेषावर कोणी आकडे घेऊन बोलत असेल, तो मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ चा आणि तो विषय अजून संपला नाही, पण तो आमदार दिसत नाही. त्याला मी तरी कसा दोष देऊ? पुढच्या वर्षी तोही माळ घालतो.

ताई, माझं मत एवढंच : करमणूक चालते. लोकांनी बघावं म्हणून बातमी रंगवून सांगायलाच पाहिजे, आम्ही आयुष्यभर तेच केलं. खटकतं ते हे का रंगवलेल्या बातमीचा पुढचा भाग कधी येत नाही. ५६ येतात, सेन्सर येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि आपल्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा टीव्हीनं चांगलं काम केलं. मी स्वतः कॉर्पोरेशन कॉलनीत कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. होड्या, गच्चीवरची म्हातारी माणसं, ते दाखवणं गरजेचंच होतं. पण सांडव्यासमोरचा पुतळा, नाग नदीत झालेली बांधकामं, पाणी नेमकं अडलं कुठं, हे सगळं नंतर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात चाललं. तोपर्यंत लाइव्ह दाखवणारी ओबी व्हॅन दुसऱ्या गावाला. पेपरवाले मात्र सुनावण्यांना चिकटून राहिले.

सिव्हिल लाइन्सचा वकील

फक्त एक भर. खोटी किंवा भडक बातमी वाटली तर आधी चॅनलकडे लेखी तक्रार करा, बातमी दिसल्यापासून लवकरात लवकर. उत्तर पटलं नाही तर एनबीडीएसए या त्यांच्याच स्वनियमन संस्थेकडे जाता येतं, तिथं अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असतात. मात्र चॅनल तिचं सदस्य पाहिजे. दंडाची कमाल मर्यादा एक लाख होती, आणि एवढ्यानं काय होणार असं सर्वोच्च न्यायालयानंच ऑगस्ट २०२३ मध्ये विचारलं. अंड्यावर तक्रार चालणार नाही, ५६ अंशांवर कदाचित.

महालकर काका

बंद शटर, तुमचं वाचून बरं वाटलं. पण इथं आता कोणीतरी "आमच्या वेळचं दूरदर्शन" काढणार, म्हणून मीच आधी काढतो, कारण मी ते बघितलं आहे.

भक्ती बर्वे, प्रदीप भिडे, काय उच्चार, काय ठेहराव! भिडे २०२२ मध्ये गेले तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं. तरी खरं सांगू का, त्या गोड आवाजात आम्हाला मंत्र्यांची उद्घाटनंच जास्त ऐकायला मिळायची. २३ नोव्हेंबर १९९४ ला इथं गोवारींच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली, बहुतेक बाया आणि लेकरं. मी महाल भागात राहत होतो, म्हणजे हाकेच्या अंतरावर. मला शेजाऱ्याकडून कळलं, आणि काय झालं त्याचं चित्र दिसलं ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. आज त्या जागी वीस कॅमेरे असते. ओरडले असते, संगीत लावलं असतं, पण झाकून ठेवणं कोणाला जमलं नसतं. म्हणून मी ओरडणाऱ्यांना सरसकट नावं ठेवत नाही.

आणि रंगवून सांगण्याचं म्हणाल तर आपल्या विदर्भात ते कमीपणाचं कधीच नव्हतं. गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेली माणसं माझ्या लहानपणी घरी यायची. बाबा समोरच्यालाच प्रश्न विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढत, मंडप हसून लोटपोट व्हायचा आणि घरी जाताना माणूस कर्ज काढून लग्न करायचं का याचा विचार करायचा. तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजली का गाव गोळा, आणि मग त्या गोळा झालेल्या गावाला ग्रामसफाई. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात विषय उलगडतात, उत्तररंगात आख्यान लावतात. तुमच्या चॅनलवाल्यांनी पूर्वरंग गाळला आणि चोवीस तास आख्यानच लावलं आहे, तेही अर्धवट सोडून जाहिरातीला जातात.

सूनबाई, मामाजींवर रागावू नका. रिटायर माणसाला घरात कोणीतरी बोलणारं लागतं. आता आठ जण एकदम बोलतात ही अडचण आहे खरी.

त्रिमूर्तीनगरची सून

सगळ्यांचे आभार. काका, रागावत नाही हो, त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही.

हा सगळा धागा मी दुपारी मामाजींना मोठ्यानं वाचून दाखवला. टीव्हीचा आवाज त्यांनी स्वतःहून कमी केला, बंद नाही केला. केबलवाल्या भाऊंचं आंघोळीचं ऐकून गाल फुगले. कुत्र्यानं अंडं चाटलं तिथं हसले. पण अडकले ते सोनेगावच्या पेटीवर. आमच्या बाल्कनीत थर्मामीटर टांगलेलं आहे, काल दुपारी त्यात ४९ होते आणि टीव्हीवर नागपूर ४५. तेव्हापासून विचारून राहिले, "मग खोटं कोण? आपलं का त्यांचं?" बंद शटर दादा, तुम्हीच सांगा, माझं ते ऐकणार नाहीत.

बंद शटर

मामाजींना नमस्कार सांगा. खोटं कोणीच नाही. बाल्कनी कोणत्या दिशेला आहे? आणि थर्मामीटर भिंतीला खिळा ठोकून लावलं आहे का?

त्रिमूर्तीनगरची सून

पश्चिमेला. हो, खिळाच.

बंद शटर

मग ते भिंतीचं तापमान सांगून राहिलं. दुपारभर तापलेली सिमेंटची भिंत, वरून पश्चिमेचं ऊन, त्यात हवेचं काय कळणार! तिथून काढा. उत्तरेच्या बाजूला, ऊन अजिबात येत नाही अशा ठिकाणी, भिंतीपासून हातभर लांब, दोरीनं टांगा. वारा लागला पाहिजे, कुलरची हवा मात्र नको. दुपारी अडीच-तीनला वाचा, वाचताना फार जवळ जाऊ नका, श्वासानंही पारा हलतो. चार-पाच दिवस वहीत लिहून ठेवा आणि हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून बघा. एक-दोन अंशांचा फरक राहीलच, कारण ते विमानतळाच्या मोकळ्या मैदानावर मोजतात आणि तुमच्या आजूबाजूला सगळी घरं.

त्रिमूर्तीनगरची सून

दादा, ते स्टुलावर चढले पण. हातात पक्कड आहे. थांबा, आधी उतरवते त्यांना.